केळीच्या काट्यावर वेब ॲप : मोबाइल ब्राउझर कुठपर्यंत साथ देतो, आणि नेटिव्ह ॲप कुठे लागतंच?

कांदेबाग (धागाकर्ता)

रामराम मंडळी.

चोपडा तालुक्यात केळीच्या कटाईच्या नोंदी ठेवायला मी एक वेब ॲप, म्हणजे ब्राउझरमध्ये पान म्हणून चालणारं ॲप, केलं आहे. गेले आठ महिने ते ११ टोळ्यांच्या मुकादमांच्या फोनवर चालू आहे. काम तसं साधं. टोळी बागेत शिरते, घड कापून बांधावर आणते, काट्यावर वजन होतं. मुकादमाने शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, घडांची संख्या, वजन, दांड्याची वजावट भरायची आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो काढायचा. त्यावरून शेतकऱ्याला चिठ्ठी मिळते, व्यापाऱ्याला हिशेब. आधी हे सगळं डायरीत व्हायचं, आणि संध्याकाळी डायरीतला आकडा आणि शेतकऱ्याच्या लक्षातला आकडा जुळायचा नाही. माझ्या वडिलांनी असे वाद आयुष्यभर सोसले, म्हणून हे काम मी जीव लावून करतोय.

वेब ॲप निवडण्याचं कारण सरळ होतं. व्हॉट्सॲपवर दुवा पाठवला की काम झालं. कुणाला प्ले स्टोअर शोधायला लावायचं नाही, की अपडेट करा म्हणून मागे लागायचं नाही. रात्री ९ वाजता दुरुस्ती चढवली तर सकाळी चोपड्यातून निघताना नेटवर असलेल्या प्रत्येक फोनवर नवी आवृत्ती. सर्व्हिस वर्करमुळे (ब्राउझरमध्ये पानामागे चालणारी स्क्रिप्ट) नेट नसतानाही पान उघडतं, नोंद इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरच्या फोनमधल्या साठ्यात बसते. माझ्या टेबलावर, चांगल्या फोनवर, सगळं व्यवस्थित होतं.

बागेत गेल्यावर काय झालं ते सविस्तर लिहितो, कारण यातली एकही गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती.

पहिला प्रसंग. अडावदजवळची बाग, २ जीबी रॅमचा फोन. मुकादम साठीच्या आतबाहेरचे, बोटं केळीच्या चिकाने काळी. त्यांनी सगळे रकाने भरले, फोटोचं बटण दाबलं, कॅमेरा उघडला, काट्याचा फोटो काढला, बरोबरची खूण दाबली. परत आले तर फॉर्म कोरा. फोटोही नाही. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला, म्हणाले, "भाऊ, मी लिखेल सगळं कोठे गयं?" तिसऱ्यांदा भरलं तेव्हाही तेच. तोवर पुढचे घड काट्यावर येऊन थांबले होते.

घडलं ते असं. वेब पानातून फोटो मागितला की ब्राउझर फोनचं कॅमेरा ॲप पुढे आणतो आणि स्वतः मागे जातो. कॅमेऱ्याला भरपूर मेमरी लागते. कमी रॅमच्या फोनवर अँड्रॉइड मागे गेलेल्याला बंद करून जागा काढतो, आणि इथे मागे गेलेला म्हणजे ब्राउझरच. परतल्यावर पान पहिल्यापासून लोड होतं, हातातला फोटो घ्यायला जुनं पान उरलेलंच नसतं. नेटिव्ह ॲपचीही (थेट फोनवर बसवलेल्या ॲपची) प्रोसेस अशीच मारली जाते, हे मान्य. पण तिथे बंद होण्याआधी स्थिती जपून ठेवायची सोय सिस्टिमनेच दिलेली आहे, आणि ॲप पुन्हा उभं राहिलं की कॅमेऱ्याचं उत्तर त्याच्याकडे पोचतं.

यावर मी दोन उपाय केले. प्रत्येक रकान्यातलं प्रत्येक अक्षर लगेच इंडेक्स्डडीबीत कच्चं साठवायचं, आणि बाहेरचा कॅमेरा न बोलावता पानातच व्हिडिओ चालू करून त्यातली चौकट उचलायची. फोटो जरा कमी प्रतीचा येतो, पण काट्याचा आकडा वाचता येतो.

दुसरा प्रसंग यापेक्षा वाईट. एका मुकादमाचा फोन सकाळच्या शुभेच्छांच्या चित्रांनी आणि व्हिडिओंनी गच्च भरला होता. त्यांच्या भाच्याने चांगल्या मनाने फोन 'साफ' करून दिला. क्रोमचा ब्राउझिंग डेटा हटवताना साइट डेटाच्या चौकटीतली खूणही तशीच राहिली. तीन दिवसांच्या, अजून सर्व्हरवर न चढलेल्या ६८ नोंदी गेल्या. होमस्क्रीनवर आमचा केळीच्या घडाचा आयकॉन जागेवर होता. भाच्याला वाटलं ॲप तर आहे, मग काय बिघडलं? पण होमस्क्रीनवर टाकलेलं वेब ॲप दिसायला स्वतंत्र असलं, तरी त्याचा सगळा डेटा क्रोमच्याच घरात राहतो. घर झाडलं की आपलंही सामान जातं.

नॅव्हिगेटर डॉट स्टोरेज डॉट पर्सिस्ट ही ब्राउझरला डेटा जपायला सांगणारी आज्ञा मी आधीपासून वापरत होतो. त्याने जागा कमी पडल्यावर ब्राउझर आपणहून आपला डेटा टाकत नाही. माणसाने हाताने पुसलं तर त्याचा उपयोग शून्य.

त्या ६८ नोंदींसाठी मी आठ शेतकऱ्यांच्या घरी गेलो. सहा जणांनी आपला आकडा सांगितला, व्यापाऱ्याने मानला. दोघांचं प्रकरण महिनाभर चाललं. त्या दोघांपैकी एक माझ्या आतेभावाचे सासरे आहेत.

तिसरी अडचण ब्लूटूथची. चिठ्ठी छापायला छोटा थर्मल प्रिंटर घेतला, तो क्रोमला दिसतच नाही. फोनच्या सेटिंगमध्ये जोडलेला दिसतो, प्रिंटरवाल्यांच्या ॲपमधून चिठ्ठी निघते, माझ्या पानातून नाही.

प्रश्न असा: सगळं मोडून नेटिव्ह लिहायचं, की कॅपॅसिटरसारख्या (वेब पानाला नेटिव्ह ॲपचं रूप देणाऱ्या) वेष्टनात हेच बसवायचं, की ब्राउझरमध्येच आणखी काही करता येण्यासारखं आहे? ज्यांनी असं काम बांधावर चालवलंय त्यांनी कृपया लिहा.

गिरणाकाठ

सगळ्या ११ जणांकडे अँड्रॉइडच आहे का? की आयफोनही आहेत?

कांदेबाग

मुकादमांकडे सगळीकडे अँड्रॉइड. पण चार-पाच शेतकऱ्यांची मुलं पुण्याला आहेत, त्यांच्याकडे आयफोन. ती फक्त आपल्या बागेचा हिशेब पाहतात.

भुसावळ_जंक्शन

दादा, तुमचा पहिला मुद्दा वाचून अंगावर काटा आला, कारण हीच गोष्ट मी एका जिनिंगच्या कामात भोगली आहे. कापसाच्या गाडीचा फोटो काढायचा होता. आमच्याकडे तर लोकांनी यावर स्वतःच तोडगा काढला होता: आधी फोटो, मग रकाने. कुणी शिकवलं नव्हतं.

आता प्रिंटरचं. वेब ब्लूटूथ, म्हणजे पानातून ब्लूटूथ वापरायची सोय, क्रोममध्ये २०१७ पासून आहे, पण ते फक्त ब्लूटूथ लो एनर्जी या कमी विजेच्या प्रकाराशी बोलतं, तेही जीएटीटी या त्याच्या ठराविक पद्धतीने. बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त थर्मल प्रिंटर जुन्या, क्लासिक ब्लूटूथवर चालतात, सीरियल पोर्टसारखे. ते दार अँड्रॉइडच्या नेटिव्ह ॲपला सहज उघडतं, वेब ब्लूटूथला उघडत नाही. प्रिंटर घेताना तो दोन्ही प्रकार बोलतो का हे विचारून घ्या, तसेही मिळतात. नाहीतर फोनवर छपाईचं वेगळं ॲप ठेवून पानातून इंटेंट दुव्याने मजकूर त्याच्याकडे सोपवता येतो. एक दाबणं वाढतं, पण चिठ्ठी निघते.

उद्या वजनकाटाही लो एनर्जी ब्लूटूथचा घेतला तरी एक गोष्ट धरून चला. जोडणीसाठी माणसाने बटण दाबावंच लागतं, मग यादीतून यंत्र निवडावं लागतं. पान ताजं झालं की पुन्हा तेच. दिवसातून दोनदा ठीक आहे, दर घडाला कोण करेल? शिवाय सफारी आणि फायरफॉक्समध्ये वेब ब्लूटूथ नाहीच.

हे सगळं असं का आहे, यावर थोडं लिहितो, कारण नवी मुलं समजतात की ब्राउझर बनवणारे आळशी आहेत. तसं नाही. वेब पान हे अनोळखी माणसासारखं असतं. दुवा दाबला की कुणीही आत येतं. त्याला न विचारता फोनचं ब्लूटूथ, फाइली, तुम्ही कुठे आहात ते, स्क्रीन बंद असताना चालायची मुभा देऊन टाकली तर उद्या कुठलंही पान तुमच्या मागे फिरेल. ॲप माणूस ठरवून बसवतो, ते ॲप स्टोअरच्या तपासणीतून येतं, परवानग्या त्याच्या नावावर लिहिल्या जातात. म्हणून त्याला जास्त मोकळीक. मला ही विभागणी मुळात योग्यच वाटते. तक्रार आहे ती दुसऱ्या गोष्टीबद्दल.

आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा बाहेरच्यांसाठी ॲप स्टोअर नव्हतंच. स्टीव्ह जॉब्स यांनी त्या जूनमध्ये सांगितलं होतं की ज्यांना ॲप करायचं त्यांनी सफारीत चालणारं वेब ॲप करावं. ॲप स्टोअर आलं जुलै २००८ मध्ये. त्यानंतर वेबकडे ॲपलचा हात आखडताच राहिला. सर्व्हिस वर्कर क्रोममध्ये २०१५ ला आले, आयफोनवर मार्च २०१८ मध्ये. वेब पानाची सूचना (नोटिफिकेशन) अँड्रॉइडवर २०१५ पासून मिळते, आयफोनवर मार्च २०२३ च्या आयओएस १६.४ पासून, आणि तीही पान होमस्क्रीनवर ठेवलेलं असेल तरच. आयफोनवर क्रोम घ्या, फायरफॉक्स घ्या, आपल्याकडे आत इंजिन ॲपलचं वेबकिटच असतं, त्यामुळे ब्राउझर बदलून काही साधत नाही. युरोपीय संघात कायद्याने मार्च २०२४ पासून दुसऱ्या इंजिनाला वाट मिळाली. आपल्याकडे नाही.

त्यामुळे दादा, पुण्याच्या मुलांना फक्त पाहायला द्या. त्यांच्या फोनवर कुठलीही नोंद एकटी ठेवू नका. सफारी वापरलेल्या सात दिवसांत एखाद्या साइटला हात लागला नाही, तर तिने साठवलेला डेटा पुसला जातो. २०२० पासूनचा नियम आहे. होमस्क्रीनवर ठेवलेल्याला सूट आहे, पण शेअरच्या बटणातून होमस्क्रीनवर टाका हे सांगूनही किती जण करतात?

पाटचारी

सात दिवसांचं माहीत नव्हतं. आमच्या पाणीवापर संस्थेच्या पाळीपत्रकाचं पान आयफोनवर दर वेळी नव्याने लॉगिन मागतं, त्याचं कारण आज कळलं. पाळी येते पंधरा दिवसांनी!

तोरणमाळ_वाट

नमस्कार. मी तांत्रिक माणूस नाही, धडगाव तालुक्यात पाड्यांवर जाऊन काम करते. या धाग्यात लिहावं की नाही असा विचार करत होते, पण कांदेबाग दादांचा 'फॉर्म कोरा' वाचला आणि लिहायलाच बसले.

आम्हाला एका संस्थेने बालकांच्या वजन-उंचीच्या नोंदींसाठी एक पान दिलं होतं. संस्थेचं नाव घेत नाही, माणसं चांगली होती. त्यांना असंही हवं होतं की कार्यकर्ती कुठल्या पाड्यावरून कुठे गेली त्याची वाट नकाशावर उमटावी, म्हणजे प्रवासभत्ता मिळेल. सकाळी पान उघडून 'सुरू' दाबायचं, संध्याकाळी 'थांबा'. मी दिवसाला नऊ-दहा किलोमीटर डोंगर चढते-उतरते. नकाशावर माझी वाट उमटली ती अशी: सकाळी निघालेल्या ठिकाणी एक ठिपका, दुपारी वजन भरताना दुसरा, आणि दोन्हींमध्ये दऱ्या-नाले ओलांडून गेलेली एक सरळ रेघ. भत्ता रेघेच्या मापाने मिळाला. मी विचारलं तर म्हणाले, ताई, तुम्ही फोन बंद केला असेल. मी फोन बंद केला नव्हता, पदरात गुंडाळून पिशवीत ठेवला होता, पाऊस होता म्हणून.

यात माझी चूक होती का, एवढंच मला जाणून घ्यायचं आहे.

दुसरं म्हणजे, बोलून लिहिण्याची सोय त्यात होती, मराठीही होती. पण आमच्याकडे रेंज एका टेकडीवर येते. टेकडीवर चढलं तरच बोललेलं उमटायचं. पाड्यावर ते बटण मुकं.

कांदेबाग

ताई, तुमची काहीही चूक नव्हती. हे त्या संस्थेला दाखवता यावं म्हणून स्पष्ट लिहितो.

वेब पानाला ठिकाण कळतं ते पान डोळ्यासमोर उघडं असेपर्यंत. स्क्रीन बंद झाली, दुसरं ॲप पुढे आलं, की ठिकाणाच्या नोंदी थांबतात. ही ब्राउझरची ठरवून घातलेली मर्यादा आहे, कुठल्याही फोनवर. पानाला स्क्रीन जागी ठेवायला सांगता येतं, त्याची सोय क्रोममध्ये २०२० पासून आहे. पण मग दिवसभर स्क्रीन चालू, दुपारपर्यंत बॅटरी संपणार, आणि पावसात फोन उघडा हातात धरून डोंगर कोण चढणार? मागे राहून वाट टिपायची असेल तर नेटिव्ह ॲपच लागतं. त्यात 'ठिकाण टिपत आहे' अशी सूचना ॲपला दाखवावी लागते, अँड्रॉइडचा तसा नियम आहे. पान देणाऱ्यांनी हे आधी तपासायला हवं होतं. तुमच्या दोन ठिपक्यांवरून तुमचा भत्ता मोजणं चुकीचं झालं.

बोलून लिहिण्याचंही असंच. क्रोममध्ये वेब पानाला मिळणारी ती सोय सहसा आवाज सर्व्हरकडे पाठवते, तिथून मजकूर येतो. रेंज नाही तर मजकूर नाही.

साक्री_रोड

माझं धुळ्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. इथे सगळे प्रोग्रामर मंडळी नेटिव्हकडे झुकलेली दिसतात, म्हणून काउंटरच्या अलीकडची बाजू मांडतो.

माझ्याकडे रोज जे फोन येतात त्यातले निम्मे 'स्टोरेज फुल' म्हणून येतात. ३२ जीबीचा फोन, त्यात १२ जीबी सिस्टिमच खाऊन बसलेली. माणूस सांगतो, काहीतरी काढून टाका. आम्ही काय काढतो? जे महिन्यात उघडलं नाही ते ॲप. तेव्हा ॲप केलं म्हणजे डेटा सुरक्षित झाला, असं डोक्यात ठेवू नका. ॲप काढलं की त्याची डेटाची खोलीही गेली.

आणि नेटिव्ह ॲप मागे चालतं हेही अर्धं खरं. बऱ्याच स्वस्त फोनांमध्ये कंपनीने आपली बॅटरी वाचवणारी व्यवस्था टाकलेली असते, ती मागचं ॲप झोपवून टाकते. ताईंच्या फोनवर उद्या ॲप टाकलं तरी बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या ॲपला 'निर्बंध नाहीत' करून द्यावं लागेल. हे काम ॲप देणाऱ्याने स्वतः बसून प्रत्येक फोनवर करायचं असतं. कागदावर सूचना लिहून देऊन होत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल व्हॉट्सॲपवर पाठवू नका. सरकारी योजनेच्या नावाने, चलनाच्या नावाने खोट्या एपीके फिरतात, लोकांचे खात्यातले पैसे जातात. माझ्या दुकानात एक माणूस रडत आला होता. मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो, फाइल आली तर हात लावू नको. तुमची फाइल खरी असली तरी तुम्ही लोकांना वाईट सवय लावाल. दुवा पाठवणं, पान उघडणं, ही वेबची पद्धत या बाबतीत फार चांगली. ॲपच द्यायचं तर प्ले स्टोअरवरूनच द्या.

भुसावळ_जंक्शन

साक्री रोड भाऊंचं शेवटचं म्हणणं सगळ्यांनी दोनदा वाचावं.

प्ले स्टोअरचा खर्च एकदाच २५ डॉलर. वैयक्तिक खातं नवीन असेल तर ॲप खुलं करण्याआधी १२ जणांनी सलग १४ दिवस ते वापरून पाहावं लागतं. दादा, तुमचे ११ मुकादम आणि बारावे तुम्ही. ॲपलचे दर वर्षी ९९ डॉलर, तिकडे तुम्हाला जायचं कारणच नाही.

गिरणाकाठ

पण मग कॅपॅसिटरमध्येही आत वेबव्ह्यूच (ॲपमधली ब्राउझरची खिडकी) असतो ना? त्यातला इंडेक्स्डडीबी आणि क्रोममधला इंडेक्स्डडीबी, फरक काय पडला? आणि ट्रस्टेड वेब ॲक्टिव्हिटी करून तेच पान प्ले स्टोअरवर टाकलं तर?

भुसावळ_जंक्शन

चांगला प्रश्न. इथेच लोक फसतात.

ट्रस्टेड वेब ॲक्टिव्हिटी म्हणजे पाटी प्ले स्टोअरची, आतलं घर क्रोमचंच. डेटा क्रोमच्या साठ्यात. दादांच्या त्या भाच्याने पुन्हा क्रोम साफ केलं तर पुन्हा सगळं जाणार. दुकानात दिसावं, आयकॉन मिळावा एवढंच हवं असेल तर ठीक.

कॅपॅसिटरमध्ये वेबव्ह्यू ॲपच्या स्वतःच्या खोलीत चालतो. क्रोम साफ केलं तरी त्याला धक्का नाही. पण तिथेही इंडेक्स्डडीबीवर विसंबू नका, नोंदी प्लगइनने (नेटिव्ह सोयी देणाऱ्या जोड-तुकड्याने) एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या फाइलीत टाका. मग क्लासिक ब्लूटूथ, मागे राहून ठिकाण टिपणं, हे सगळं प्लगइनच्या वाटेने मिळतं आणि तुमची पानं, तुमचं मराठी, तुमचा हिशेब जवळपास तसाच राहतो. फ्लटरमध्ये (ॲप लिहायचं दुसरं साधन) सगळं नव्याने लिहावं लागेल. ११ टोळ्यांसाठी मी तरी तो घाट घालणार नाही.

एक मात्र गमवाल. रात्री ९ ची दुरुस्ती सकाळी सगळ्यांकडे, हे सुख संपलं. म्हणून बदलणारा भाग सर्व्हरवर ठेवा: भाव, वजावटीचा नियम, गावांची यादी. ॲपमध्ये फक्त काटा, कॅमेरा आणि साठवण.

पाटचारी

याच मुद्द्यावर जुनी गोष्ट आठवली. २०१५ मध्ये मिंत्राने वेबसाइट बंद करून फक्त ॲप ठेवलं होतं. पुढच्या वर्षी साइट परत आणावी लागली. त्याच २०१५ च्या नोव्हेंबरात फ्लिपकार्टने ब्राउझरमध्ये चालणारं लाइट आणलं. एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही एकच दार ठेवून जमलं नाही, तर आपण एकाच दारासाठी का भांडावं? शेतकऱ्याला वर्षातून दोनदा हिशेब पाहायचा, त्याला दुवा. मुकादमाला रोज पहाटे काम, त्याला ॲप.

तोरणमाळ_वाट

कांदेबाग दादा, तुमचं उत्तर मी छापून घेतलं आणि बैठकीत वाचून दाखवलं. आमच्याबरोबर एक पावरी बोलणारी मुलगी काम करते, तिने सगळ्यांसमोर आपला फोन काढून दाखवला: पान उघडं ठेवून चालली तर ठिपके उमटतात, खिशात ठेवला की बंद. पाच मिनिटांत सगळ्यांना पटलं. मागचा भत्ता पुन्हा मोजायचं त्यांनी मान्य केलं आहे. पाड्यांमधलं अंतर ग्रामपंचायतीच्या नोंदीवरून धरणार आहेत.

कांदेबाग

ताई, वाचून फार बरं वाटलं.

तीन आठवडे झाले, म्हणून काय केलं ते लिहितो.

भुसावळ दादांनी सुचवलेली वाट धरली. मुकादमांसाठी कॅपॅसिटरमध्ये बसवलं, नोंदी एसक्यूलाइटमध्ये. शेतकऱ्यांसाठी आणि पुण्याच्या मुलांसाठी पूर्वीचंच वेब पान, फक्त पाहायला. चाचणी २ जीबीच्या त्याच फोनवर केली. विमान मोड लावला, १५ नोंदी भरल्या, मधेच ॲप बंद पाडलं, कॅमेरा उघडून परत आलो, क्रोमचा सगळा डेटा पुसला, फोन बंद-चालू केला. १५ च्या १५ जागेवर. विमान मोड काढला, वर चढल्या. क्लासिक ब्लूटूथच्या प्रिंटरवर चिठ्ठीही निघाली. मराठी अक्षरं प्रिंटरच्या स्वतःच्या टाइपात नाहीत, म्हणून चिठ्ठीचं चित्र करून पाठवावं लागतं. एका चिठ्ठीला साधारण चार सेकंद जातात, पण मुकादमांना ते चालतं.

साक्री रोड भाऊंचं ऐकून अकराही फोन स्वतः हातात घेतले, बॅटरीचं सेटिंग स्वतः केलं. दोन दिवस गेले. तीन फोनांमध्ये ते सेटिंग तीन वेगळ्या ठिकाणी सापडलं. आणि ॲप कुणी काढून टाकलं तरी नोंद राहावी म्हणून, चिठ्ठी छापली गेली की तिचा क्रमांक आणि वजन शेतकऱ्याच्या नंबरवर एसएमएसनेही जातं. कडेच्या गावांत नेट मिळत नाही तिथेही एसएमएस बहुतेक वेळा जातो. हा मेसेज मुकादम स्वतः 'पाठवा' दाबून पाठवतो, ॲप आपणहून पाठवत नाही, म्हणजे परवानगीचा प्रश्न येत नाही.

एक जुनी चूक या निमित्ताने सापडली, ती इतरांच्या उपयोगी पडेल. वजनाच्या रकान्याला मी नंबरचा प्रकार दिला होता. दोन मुकादम मराठी कीबोर्डवरून देवनागरी आकडे टाकतात. ब्राउझरचा नंबरचा रकाना '२३' घेतच नाही, रिकामा राहतो, आणि कारणही सांगत नाही. ते दोघं आठ महिने आपला कीबोर्ड खराब आहे असं समजून वजन पोराकडून भरून घेत होते. कुणी तक्रार केली नाही. आता रकाना साध्या मजकुराचा आहे, कीबोर्ड आकड्यांचा उघडतो, आणि देवनागरी आकडे मी आत बदलून घेतो. हे वेब पानातही असंच करता येतं, त्यासाठी नेटिव्हची गरज नाही.

अजून न सुटलेली गोष्ट काट्याची. काट्यावरचा आकडा थेट ॲपमध्ये यावा, मुकादमाला टाइप करावं लागू नये, ही माझी इच्छा आहे. वजनाचे सगळे वाद तिथेच सुरू होतात. बांधावर न्यायचा लो एनर्जी ब्लूटूथचा काटा कुणाकडे असेल, आठवडाभर चाचणीला मिळत असेल, तर जळगाव, चोपडा, शिरपूर कुठेही घ्यायला येतो.

ताई, तुमच्या वाटेसाठी मागे राहून ठिकाण टिपणारा एक छोटा तुकडा याच ॲपमध्ये बसवून पाहिला. अडावद ते चोपडा फोन खिशात ठेवून गेलो, सगळी वाट उमटली. पुढच्या गुरुवारी कामासाठी शहाद्याला आहे. तुम्ही किंवा ती पावरी बोलणारी मुलगी येऊ शकलात तर फोनवर टाकून, सेटिंग करून देतो.

तोरणमाळ_वाट

गुरुवारी शहाद्याचा बाजार करायचाच आहे. आम्ही दोघी अकराच्या गाडीने येतो. तिचा फोन २ जीबीचा आहे, चालेल ना?

कांदेबाग

तोच आणा.